घरघंटी घ्यावी का? भाकरी खाणाऱ्या घराचा अनुभव

आमच्याकडे घरघंटी, म्हणजे घरीच दळायची विजेवरची छोटी गिरणी, आहे हे कळलं की समोरचा माणूस दोनच प्रश्न विचारतो. आवाज फार होतो का, आणि परवडते का? पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. तरीही पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी घेईन.

आधी पैशाचं संपवून टाकू. घरात आम्ही चौघं. महिन्याला सगळं मिळून सतरा-अठरा किलो दळण. आमच्या भागात गिरणीवाला किलोला सात रुपये घेतो, म्हणजे महिन्याचे सव्वाशे. घरघंटी वीस हजारांच्या आसपास पडली. तेरा वर्षं दळत बसलो तर पैसे फिटतील, आणि वीज धरली तर पंधराच्याही पुढे जाऊ. वीज मात्र फार खात नाही. एक अश्वशक्तीची मोटार म्हणजे साधारण पाऊण किलोवॅट, तासाभराच्या दळणाला युनिटभराच्या आत-बाहेर. विक्रेता ‘गिरणीचे पैसे वाचतील’ म्हणून गळ घालायला लागला की त्याला चहा द्यावा आणि विषय बदलावा.

मग घेतली कशाला? ज्वारीसाठी.

आम्ही मूळचे बार्शीकडचे. नोकरीमुळे पुण्यात आलो आणि इथेच राहिलो. आई बरोबर आली आणि बरोबर तिची भाकरीही आली. रोज रात्री भाकरी, सणावारी पोळी, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. गावी कणगीत शाळू (रब्बीची ज्वारी) असायचा, लागेल तसा दोन-तीन दिवसांचा दळून आणायचा. पुण्यात ज्वारी चांगली मिळते, मंगळवेढ्याची मालदांडीसुद्धा मिळते. (तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर पुण्यातली प्रत्येक ज्वारी मंगळवेढ्याचीच झाली, ही गंमत वेगळी.) पण दळायची कुठे? आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत दिवसभर गहू चालतो. दोन किलो ज्वारी घेऊन गेलं की गिरणीवाला म्हणणार, “काका, एवढ्याशासाठी दगड कुठं बदलू? संध्याकाळी या, गव्हावरच काढून देतो.” गव्हावर काढलेल्या ज्वारीत पहिलं पाव-अर्धा किलो पीठ मिसळीचं येतं. म्हणून आम्ही एकदम पाच किलो दळून आणायचो आणि ते तीन आठवडे पुरवायचो.

तिसऱ्या आठवड्यात आई परातीत पीठ घेऊन चिमटीत चोळायची आणि तिथूनच हाक मारायची. “विरी गेलीय ह्याची. कवाचं दळलंय?”

ज्यांच्या घरात भाकरी होत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं. पोळीचा गोळा ताणला तर ताणतो, ज्वारीचा ताणला तर तुटतो. भाकरी एकसंध राहते ती पिठाच्या स्वतःच्या चिकटपणावर आणि मळणाऱ्याच्या तळहातावर. पीठ शिळं होत गेलं की हा चिकटपणा, आई म्हणते ती विरी, उतरतो, थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकायला उचलली की मधूनच मोडते. मग पाण्याला उकळी आणून त्यात पिठाची उकड काढायची, तीच मळून भाकरी करायची. जमते तशीही, पण चव तीच नाही आणि आईच्या मते ती भाकरी नाहीच, तो उपाय आहे.

घरघंटीने आमच्यासाठी केलं ते एवढंच: थोडं दळता यायला लागलं. दर दोन-तीन दिवसांनी किलोभर ज्वारी टाकायची, आठ-दहा मिनिटांत काम संपतं. सकाळी दळलेल्या पिठाची रात्री भाकरी करताना फरक दिसतो तो आईच्या हातात. ती परातीत गोळा ठेवून एका तळव्याने फिरवत जाते, भाकरी परातीच्या काठाला लागेपर्यंत मोठी होते आणि कड एका जागीसुद्धा उलत नाही. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग विस्तवावर धरली की टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. हे मी लहानपणापासून बघत आलोय. मधली काही वर्षं ते घरात दिसत नव्हतं आणि त्याचं खापर आम्ही सगळे आईच्या वयावर फोडत होतो. आई मात्र पिठावर फोडत होती.

बाजरीचंही तेच, किंबहुना जास्तच. बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास असतो, गव्हाच्या दुपटीहून जास्त. दाणा दळला की ते तेल हवेला लागतं आणि आठवडाभरात पीठ कडवट व्हायला लागतं. उन्हाळ्यात त्याहून लवकर. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून मॉलमध्ये बाजरीच्या पिठाची फार देखणी पाकिटं दिसायला लागली आहेत. पाकिटावर चुलीचं चित्र, मागे बारीक अक्षरात काही महिन्यांपूर्वीची तारीख. आईने एकदा असं पाकीट उघडून नाकाशी धरलं आणि काही न बोलता गच्च बांधून ठेवलं. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या शेंगाभाज्यांची मिसळभाजी होते आमच्याकडे. त्या एका दिवसापुरती पाऊण किलो बाजरी दळून घेतो, उरलीच तर संक्रांतीच्या दिवशी संपते.

आता गहू. इथे मात्र मी घरघंटीची बाजू घेणार नाही. माझ्या यंत्रात दगड नाहीत. पोलादी पाती गरगर फिरून दाणा फोडतात आणि भोवतीच्या जाळीतून पीठ बाहेर पडतं. दगडाच्या घरघंट्याही बाजारात आहेत, त्यांचा अनुभव मला नाही. पण पात्यांवरचं गव्हाचं पीठ कितीही बारीक जाळी लावली तरी हाताला किंचित रवाळ लागतं, आणि पाणीही कमी धरतं. गिरणीतल्या दगडाखाली दाणा चिरडला जातो, ते पीठ मळताना पाणी मागत राहतं आणि पोळी दुसऱ्या दिवशी डब्यातही मऊ राहते. बायकोने दोन्ही पिठांच्या पोळ्या एकाच दिवशी करून बघितल्या आणि निकाल दिला: गहू गिरणीत. तेव्हापासून गव्हाचा डबा अजूनही मीच पायरीपायरीने खाली नेतो. जाहिरातीत ज्या पोळ्या दाखवतात त्या कुठल्या पिठाच्या असतात देव जाणे.

भाजणीविषयी मात्र मोकळेपणाने लिहावंसं वाटतं, कारण हा भाग मला आधी सुचलाच नव्हता, तो बायकोने शोधून काढला.

दिवाळीच्या आधी गिरणीसमोर डब्यांची रांग लागते. भाजणी दळायची तर गिरणीवाला आधी मूठभर तांदूळ टाकून दगड साफ करतो, तो तांदूळही आपलाच. एवढं करून तीन किलोची भाजणी घरी आली आणि पहिल्याच घाण्याला कळलं की काहीतरी कमी पडलंय, तर करणार काय? त्या वर्षी त्याच चकल्या खायच्या. बायकोचं प्रमाण तिच्या आईकडून आलेलं: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, धणे आणि जिरे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेले, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजलेला. आता ती आधी या प्रमाणाची अर्ध्या किलोची भाजणी दळते, संध्याकाळी चार चकल्या तळते. सोऱ्यातून पडतानाच तुकडे पडायला लागले तर उडीद थोडा वाढवते, फार कडक झाल्या तर मोहन बघते, आणि मग दुसऱ्या दिवशी मोठा घाट घालते. गेल्या दिवाळीत तांदूळ वेगळा होता म्हणून पहिली भाजणी जमली नाही. घरात कुणाला कळलंसुद्धा नाही, अर्ध्या किलोचं थालीपीठ लावून ती मोकळी झाली.

दोन गोष्टी भाजणीच्या बाबतीत पाळाव्या लागतात. भाजलेलं धान्य पूर्ण गार झाल्याशिवाय यंत्रात टाकायचं नाही. आणि दळून आलेलं पीठ लगेच डब्यात भरून झाकण लावायचं नाही. कुठलंही पीठ यंत्रातून कोमट येतं, तसंच बंद केलं की झाकणाला आतून दव धरतं आणि पिठाच्या गाठी होतात. आमच्याकडे परातीत पसरून अर्धा तास पंख्यापासून लांब ठेवतात. पंख्याखाली ठेवलं तर घरभर पीठ.

उकडीच्या मोदकांची पिठी, नाचणी, बेसन, सगळं ठीक होतं. डाळीचा भरडा आणि लापशी मोठ्या जाळीवर छान निघते. उपवासाच्या भाजणीचा फायदा असा की ती कुठल्या धान्यावर काढलीय हा प्रश्न उरत नाही, कारण आधी यंत्र ब्रशने झाडून घेतलेलं मी स्वतः बघितलेलं असतं. तीळ, शेंगदाणे, खोबरं असलं तेलकट काही टाकायचं नाही, जाळी लिंपून जाते. मिरची, हळद आणि मसाला तर नाहीच. त्यासाठी डंका आहे, तिथेच न्यावं.

तक्रारी.

आवाज मोठा आहे. मिक्सर निदान दोन मिनिटांत थांबतो, हे चालूच राहतं. आमच्या इमारतीत दुपारी एक ते चार आणि रात्री आठनंतर लावायची नाही असं मीच ठरवून टाकलं, कुणी सांगायला येण्याआधी. यंत्राखाली जुनी सतरंजी घडी करून घातल्यापासून खालच्या मजल्यावर थरथर जाणवत नाही म्हणतात.

पिठाचा धुरळा बाहेर येत नाही हे कंपनीचं म्हणणं अर्धं खरं. डब्याच्या तोंडावरचं कापड नवीन असतं तोवर येत नाही. ते महिन्या-दीड महिन्याने काढून झटकावं, धुवावं आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावं लागतं. आतल्या कोपऱ्यात चिमूटभर पीठ राहिलं तरी पावसाळ्यात पोरकिडे होतात, म्हणून दर वेळी ब्रश. हे दोन मिनिटांचं काम आहे, पण ते रोजचं काम आहे आणि ते कुणाच्या वाट्याला जाणार हे घरघंटी घेण्याआधी ठरवलेलं बरं. आमच्याकडे ते माझ्याकडे आहे.

पावसाळ्यात धान्य सर्द असतं. तसंच टाकलं की जाळीची भोकं बुजतात, मोटार घुसमटल्यासारखा आवाज करते. ऊन पडेल त्या दिवशी धान्य पसरून घ्यायचं, ऊन नसेल तर कढईत नुसतं गरम करायचं. आणि निवडल्याशिवाय दाणा टाकायचा नाही. ज्वारीत आलेल्या एका खड्याने आमची बारीक जाळी फाडली. त्यासाठी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला तर “उद्या माणूस येतो” हे ऐकण्यात आठवडा गेला. शेवटी जाळी बाजारातून शोधून आणली आणि बसवली, चार स्क्रूंचं काम होतं. विक्रीपूर्वी दाराशी दोनदा येणारा मुलगा विक्रीनंतर फोन उचलत नाही, याची आता सवय झाली आहे. कंपनी कुठली हे सांगत नाही, कारण शेजारच्या इमारतीतल्या दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाईकाचं गाऱ्हाणंही अगदी हेच आहे.

घ्यायचीच असेल तर दुकानात चारच गोष्टी बघा. जाळ्या किती आणि कुठल्या नंबरच्या मिळतात, सुट्या जाळ्या तुमच्या गावात मिळतात का, दार उघडलं की मोटार आपोआप बंद होते का (घरात लहान मूल असेल तर यावर तडजोड नको), आणि ठेवायच्या जागेजवळ मोठा पंधरा-सोळा अँपिअरचा सॉकेट आहे का. बाहेरचा सनमायका कुठल्या रंगाचा, आत दिवा लागतो का, पडद्यावर आकडे दिसतात का, याला पैसे घालवू नका. आणि दुकानात गहू दळून दाखवतात त्याला भुलू नका. घरून ज्वारी घेऊन जा आणि ती दळायला सांगा. ग्रामीण भागात राहत असाल तर जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागात एकदा चौकशी करा, पिठाच्या गिरणीसाठी अनुदानाच्या योजना तिथे निघत असतात.

घरात फक्त पोळ्या होत असतील तर घेऊ नका, गिरणीवाला तुमच्यापेक्षा चांगलं पीठ देतो. भाकरी आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल तर विचार करा. रोज होत असेल तर घ्या, आणि घरात कुणी चिमटीत पीठ चोळून बघणारं माणूस असेल तर त्यालाच दुकानात न्या. आमच्या आईने तिथल्या पोराला तीन जाळ्या बदलायला लावल्या होत्या.

शेजारपाजारच्यांसाठी जाता जाता: उपवासाची भाजणी, मोदकाची पिठी, बाळाची नाचणी दळून द्यायला आमची ना नाही. धान्य निवडून आणा, आणि दुपारी एकच्या आत या.