आठ प्रोसेसरचा मिनीकॉम्प्युटर: आठ महिने वापरल्यावर

१९८० च्या दशकात आमच्या विभागात हे मशीन, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी वापरायचा मध्यम आकाराचा संगणक, आलं तेव्हा मशीनरूमची किल्ली माझ्याकडे होती. पहिल्या आठ महिन्यांची लॉगवही अजून जपून ठेवली आहे, खालचं सगळं तिच्यातूनच. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तक्रारीही आहेत.

पहिली तक्रार पहिल्याच आठवड्यात आली. फोरट्रान या भाषेत गणिताचे प्रोग्रॅम लिहिणारे एक सर प्रिंटआउट घेऊन दारात उभे. "आठ प्रोसेसर म्हणता, मग माझा प्रोग्रॅम जुन्या मशीनपेक्षा सावकाश कसा?" त्यांचं बरोबर होतं. आतले प्रोसेसर म्हणजे साधे ३२ बिटांचे मायक्रोप्रोसेसर. एकेकटा धरला तर १९७७ च्या व्हॅक्स ११/७८० या डीईसी कंपनीच्या मिनीकॉम्प्युटरच्याही मागे. गिऱ्हाईक एकच असेल तर आठ खिडक्या उघडून काय उपयोग? प्रोग्रॅमचे तुकडे तुम्ही स्वतः पाडले नाहीत तर तो एकाच प्रोसेसरवर चालणार.

मशीनची खरी किंमत कळली ती दुपारी तीन वाजता, सगळी टर्मिनल (मशीनला जोडलेले पडदे-कीबोर्ड) भरलेली असताना. जुन्या एका प्रोसेसरच्या मशीनवर लोड अॅव्हरेज, म्हणजे चालू असलेल्या आणि रांगेत थांबलेल्या कामांची सरासरी संख्या, ६ झालं की व्हीआय या एडिटरमध्ये टाइप केलेलं अक्षर उमटायला वाट बघावी लागायची आणि कॉरिडॉरमधून माझ्या नावाने हाका यायच्या. इथे तोच आकडा म्हणजे दोन प्रोसेसर अजून मोकळे. व्हॅक्स ११/७८२ या दोन प्रोसेसरच्या मशीनमध्ये दुसरा प्रोसेसर कर्नलचं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) काम करतच नसे, डिस्क-टर्मिनलशी देवाणघेवाण, म्हणजे सगळं आयओ, पहिल्याच्या गळ्यात. आमच्याकडे आठही समान दर्जाचे, जो मोकळा असेल तो रांगेतलं पुढचं काम उचलायचा.

त्या सरांचा प्रोग्रॅम आम्ही नंतर तोडून पाहिला. एकाच वेळी चालणाऱ्या आठ प्रक्रिया, सामायिक मेमरीत आठ घरांचा एक अॅरे (ओळीने मांडलेली घरं), प्रत्येकीने आपल्या घरात बेरीज करायची. कागदावर झकास. प्रत्यक्षात वेळ जवळपास तेवढाच! दोन दिवस आम्ही कंपायलरला शिव्या घातल्या. दोष आमच्या अॅरेत होता. प्रत्येक प्रोसेसर मेमरीची प्रत आपल्या कॅश नावाच्या छोट्या वेगवान साठ्यात ठेवतो, तीही एकेका घराची नाही तर कॅश लाइन नावाच्या सलग तुकड्याची, आणि आमची शेजारशेजारची घरं एकाच कॅश लाइनवर बसली होती. प्रत्येक लिखाण बसवरून (सगळ्यांच्या सामायिक तारांवरून) थेट मेमरीत जायचं आणि जाताजाता शेजारी प्रोसेसरच्या कॅशमधली प्रत बाद करायचं. बेरीज आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये करून शेवटी एकदाच अॅरेत लिहिली, तेव्हा कुठे मशीन धावलं. सर खूश. मी मात्र त्या दिवसापासून प्रोसेसर वाढले की वेग तेवढाच वाढतो असं दाखवणाऱ्या विक्रेत्याच्या आलेखांकडे संशयाने बघू लागलो.

आलेखांचं गणित अवघडही नाही. संगणक-रचनाकार जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं. कामाचा २० टक्के भाग एकापाठोपाठ एकच करावा लागत असेल, तर आठ प्रोसेसरवर वेग ३.३ पटीच्या पुढे जात नाही आणि कितीही प्रोसेसर लावले तरी ५ पटीच्या पलीकडे नाही. प्रोग्रॅमच्या सगळ्या फाइलींपासून तयार प्रोग्रॅम बांधणाऱ्या आमच्या मेकमध्ये हे रोज दिसायचं. फाइली भराभरा कम्पाइल व्हायच्या, शेवटी ते तुकडे जोडणारा लिंकर एकटा रांगत बसायचा आणि बाकीचे सात माशा मारत.

सहाव्या महिन्यात प्रोसेसरचं एक कार्ड बिघडलं. "एक प्रोसेसर बिघडला तरी काम चालू" असं ऐकून घेतलं होतं. प्रत्यक्षात पूर्ण मशीन बसलं. ते कार्ड बंद ठेवून मशीन पुन्हा सुरू केल्यावर चाललं हे खरं, पण एका कार्डावर दोन प्रोसेसर, म्हणजे उरले सहा. बदली कार्ड यायला तीन आठवडे लागले. गंमत म्हणजे त्या तीन आठवड्यांत टर्मिनलवाल्यांपैकी एकानेही कुरकुर केली नाही.

म्हणजे अडचण प्रोसेसरची नव्हती, त्यावरूनच मी लॉगवहीत डिस्कची नोंद ठेवायला लागलो. दुपारी प्रोसेसर मोकळे आणि डिस्कपुढे रांग, हे चित्र दर दोन-तीन दिवसांनी. टर्मिनलं भरपूर आणि प्रत्येकाचं काम छोटं असेल तर हे मशीन पैसे वसूल करायचं, मोठं एकच गणित चालवायचं असेल तर घेण्यात अर्थ नव्हता. वर्षअखेरीस आणखी चार प्रोसेसर घ्यायचा प्रस्ताव आला, तेव्हा मी लॉगवही पुढे सरकवली आणि दुसरा डिस्क कंट्रोलर (डिस्कची ये-जा सांभाळणारं कार्ड) मागितला.