एरर फॉर्मच्या माथ्यावर की रकान्यापाशी?

चार रकान्यांचा फॉर्म असेल तर फार विचार करू नका. एरर कुठेही दाखवा, माणूस शोधून काढतो. प्रश्न येतो लांब फॉर्मचा. माझ्याकडे होता तो लातूरकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासद नोंदणीचा: गाव, गट नंबर, सोयाबीनचं क्षेत्र, बँक खातं, आयएफएससी. भरणारे बहुतेक मोबाइलवर, तेही आडतीवर उभ्या उभ्या.

ब्राउझरचा आपोआप येणारा फुगा मी लवकरच बाद केला. एका वेळी एकच चूक सांगतो, थोड्या वेळात गायब होतो आणि भाषा तुमच्या पेजची नाही, ब्राउझरची बोलतो.

फॉर्मच्या माथ्यावर सगळ्या चुकांची यादी देण्यात तसं वावगं काही नाही. सर्व्हरवरून पेज परत येत असेल तर करायला सोपी, आणि किती ठिकाणी अडलंय ते एका नजरेत कळतं. फोकस (म्हणजे कर्सर) यादीवर नेला की स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांना पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तीही वाचून दाखवतं. ब्रिटन सरकारची डिझाइन सिस्टीम (सरकारी वेबसाइट कशा बनवाव्यात याची मार्गदर्शिका) तर यादी आणि रकान्यापाशी मेसेज, दोन्ही ठेवायला सांगते.

पण मोबाइलवर यादी आणि रकाना एका स्क्रीनवर कधीच मावत नाहीत, आणि माझा कौल तिथेच फिरला. वर लिहिलेलं असायचं, ‘गट नंबर अवैध’. माणूस खाली जायचा, सातबाऱ्यावरचा ११२/२/अ तिथे जसाच्या तसा दिसायचा, पुन्हा वर यायचा, आणि मग मला फोन: “दादा, वर लाल आलंय, पण मी तर उताऱ्यावरचाच टाकलाय की!” त्याचं खरंच होतं, आमची तपासणी फक्त आकडे घ्यायची.

आयएफएससीचं तर विचारूच नका. अकरा अक्षरांतलं पाचवं कायम शून्य असतं, आणि लोक हमखास इंग्रजी ओ टाकतात. ‘आयएफएससी चुकीचा’ हे वर वाचून माणूस पासबुक काढतो, पुन्हा तोच ओ टाकतो. रकान्याला चिकटून ‘पाचव्या जागी शून्य हवं, ओ नको’ एवढं आलं की तिथल्या तिथे दुरुस्त होतं. खरं तर अशा ठिकाणी एरर न देता कोडमध्येच ओचा शून्य करून टाकावा. मराठी कीबोर्डवरून आलेल्या आकड्यांचंही तेच: जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकूर तपासायच्या नमुन्यातलं) ‘बॅकस्लॅश डी’, म्हणजे ‘इथे आकडा हवा’ ही खूण, फक्त इंग्रजी आकडे ओळखतं, त्यामुळे देवनागरीतला अचूक पिनकोडही नापास होतो. आधी आकडे बदलून घ्या, मग तपासा.

रकान्यापाशी मेसेज देण्याचेही ताप आहेत. पहिलं अक्षर टाकताच लाल झालं तर माणूस वैतागतो. रकाना सोडल्यावर दाखवा, दुरुस्त होताच काढा. सीएसएसमधला ‘युजर-इनव्हॅलिड’ (माणसाने भरून झाल्यावरच चुकीच्या रकान्याला लागू होणारा सिलेक्टर) यासाठी बरा पडतो, २०२३ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये चालतो. दुसरं, सबमिटचं बटण तळाला आणि चूक वर कुठेतरी असली की लोकांना वाटतं बटणच चालत नाही. म्हणून पहिल्या चुकीच्या रकान्यात फोकस न्यायलाच हवा. मेसेज ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ या एचटीएमएल अ‍ॅट्रिब्यूटने रकान्याला जोडा, म्हणजे स्क्रीन रीडर तो रकान्यासोबत वाचतं, आणि नुसत्या लाल चौकटीवर भागवू नका. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीचे निकष, त्यांच्या अगदी प्राथमिक, ए पातळीवरच ते बसत नाही. आणि एप्रिलच्या उन्हात ती चौकट दिसतही नाही.

मेसेज रकान्याच्या खाली की वर, यावर मी अजून डळमळीत आहे. मी खाली ठेवले. वर उल्लेख केलेले ब्रिटनवाले लेबल आणि रकान्याच्या मध्ये ठेवतात. मोबाइलचा कीबोर्ड उघडला की खालचा मेसेज झाकला जातो, हे पाहता त्यांचं बरोबर असावं.

तुमचे फॉर्म ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर ऑपरेटरच भरणार असतील तर यादीने खुशाल भागेल, कदाचित तीच सोयीची. मोबाइलवाले असतील तर मी रकान्यापासूनच सुरुवात करीन. जोडीला यादी ठेवायचीच असेल, तर तिच्या प्रत्येक ओळीला त्या रकान्याची लिंक द्या आणि मजकूर दोन्हीकडे शब्दशः एकच ठेवा. वर ‘अवैध’ आणि खाली ‘शून्य हवं’ असं दिसलं की लोकांना त्या दोन वेगळ्या चुका वाटतात, आणि दुसरी शोधत बसतात.