पाच नंबरचा फुटबॉल: सात महिने वापरून

खोक्यावर ठळक छापलंय, 'जगातल्या सर्वांत लोकप्रिय खेळाला एवढंच पुरतं.' चेंडूबद्दल लिहायलाच बसलेय, पण या वाक्याशी माझं भांडण आहे, तेही इथेच उरकून घेते. एकोणीस वर्षं शाळेत खेळ शिकवतेय, तेवढा हक्क आहे.

आधी चेंडू. आल्या दिवशी शिवणकामाच्या टेपने घेर मोजला, 69 सेंटीमीटर. वजन 430 ग्रॅम. नियमात घेर 68 ते 70 आणि वजन 410 ते 450 लागतं, म्हणजे हा पाच नंबर खराखुरा. (काही चेंडू नुसते छापलेल्या आकड्यापुरते पाच नंबरचे असतात.) 32 तुकडे, हाताची शिलाई. आत ब्युटाइल रबराचं ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी आहे, त्यामुळे शुक्रवारी भरलेली हवा सोमवारी जवळपास तशीच सापडते. लॅटेक्सच्या ब्लॅडरला टप्पा जास्त जिवंत येतो हे खरं, पण रोज सकाळी पंप घेऊन कोण बसणार?

काँक्रीटवर खेळतो, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात वरची चकाकी गेली. पाचव्या महिन्यात व्हॉल्व्हजवळची शिवण उसवली. मेण लावलेल्या दोऱ्याने मीच टाके घातले, अजून धरून आहेत. सोबतची हवा भरायची पिन मात्र पहिल्याच आठवड्यात वाकली.

आता ते वाक्य. एक चेंडू, गोलच्या जागी दोन-दोन दप्तरं, आणि 44 मुलं पळताहेत. इथपर्यंत खोकं खरं बोलतं. आमच्या कपाटात हॉकीच्या स्टिकही आहेत, पण खडबडीत जमिनीवर तो चेंडू कुठे उडेल सांगता येत नाही, म्हणून त्या कपाटातच राहतात. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर गेली, तेव्हापासून मातीवर शिकलेल्या पोराला तो खेळ जवळजवळ नव्यानेच शिकावा लागतो.

पण कमी साधनं हेच लोकप्रियतेचं कारण असेल, तर कबड्डीला चेंडूसुद्धा लागत नाही! ती जगभर पहिल्या नंबरावर असायला हवी होती. उलट बेसबॉल पाहा. बॅट, हातमोजे, मागे बसणाऱ्याला जाळीचा मुखवटा, एवढा सगळा पसारा. तरीही 1872 च्या सुमारास टोकियोत एका अमेरिकन शिक्षकाने तो पोरांना शिकवला आणि जपानने तो आपलासा केला. तिथे माध्यमिक शाळांची देशव्यापी स्पर्धा 1915 पासून आहे. लहान मुलांसाठी त्यांनी पुढे रबरी चेंडूही काढला. म्हणजे आधी खेळ घरात शिरला, मग स्वस्त चेंडू आला.

ब्राझीलमध्ये 1894 साली चार्ल्स मिलर इंग्लंडमधून फुटबॉल आणि नियमांचं पुस्तक घेऊन साओ पावलोला परतला. ही गोष्ट सगळे सांगतात, चेंडू दिसतो ना त्यात. पण तिथे 1902 मध्ये लीग, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाची स्पर्धा सुरू झाली, ते कोणी सांगत नाही. इंग्लंडमध्येसुद्धा ठरलेले सामने ऐनवेळी रद्द व्हायचे. त्याला कंटाळून 1888 मध्ये 12 क्लबांनी वेळापत्रक बांधून घेतलं. माझं मत असं, की पुढच्या आठवड्यात कोणाशी भिडायचंय हे आज माहीत असलं की खेळ रुजतो. कबड्डीचंच बघा ना. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिचं प्रात्यक्षिक झालं, लोकांनी पाहिलं, विषय संपला. 2014 मध्ये लीग आली, 30 सेकंदांची चढाई आणि रोज संध्याकाळी टीव्हीवर सामना, तेव्हा माझ्या वर्गातली पोरं बोनस लाइनवरून भांडायला लागली.

हे वेळापत्रकाचं मी या चेंडूवरही करून पाहिलं. पहिले दोन महिने तो नुसता मधल्या सुट्टीत बाहेर यायचा, दहा-बारा जण खेळायचे, बाकीचे कडेला. मग दर बुधवारी शेजारच्या वर्गाशी सामना ठरवला आणि निकाल फळ्यावर लिहायला लागले. आता मंगळवारीच विचारणा सुरू होते, 'बाई, हवा भरली का?' शिवण उसवली तीही त्यानंतरच, तेव्हा त्याचा सगळा दोष कंपनीला देत नाही.

पाचपैकी चार तारे. एक पिनेचा कापला. घेणार असाल तर दोन पिना वेगळ्या घ्या, आणि आत घालण्याआधी तेलाचा थेंब लावा.