गर्भातल्या मेंदूचं घनफळ: कड हाताने आखायची की सॉफ्टवेअरवर सोपवायची?

गर्भातल्या बाळाच्या मेंदूचं घनफळ एमआरआयवरून मोजायला घेतलं की मेंदूची कड हाताने आखायची की सॉफ्टवेअरने, हे आधी ठरवावं लागतं. बाळ हलत असतं, म्हणून एकेक स्लाइस (मेंदूच्या एका कापाची प्रतिमा) सेकंदभरात टिपणारे जलद टी-२ सीक्वेन्स (पाणी उजळ दाखवणारे एमआरआयचे प्रकार) तिन्ही दिशांनी घेतात. एका स्लाइसपुरतं बाळ स्थिर दिसतं, पण पुढच्या स्लाइसपर्यंत मान वळलेली असू शकते.

हाताच्या पद्धतीचं गणित साधं आहे. आयटीके-स्नॅप या आखणीच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक स्लाइसवर मेंदूची कड आखायची, क्षेत्रफळाला जाडीने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. ४० चौरस सेंमीची ४ मिमी जाड स्लाइस म्हणजे १६ मिली. दोन स्लाइसच्या मध्ये फट ठेवली असेल तर तीही जाडीत धरा, नाहीतर घनफळ कमी भरतं. खरी कसोटी मात्र कडेची. २०० मिलीचा मेंदू गोल आहे असं समजा आणि कड सगळीकडून फक्त १ मिमी बाहेर आखून बघा: उत्तर सुमारे १७ मिलीने फुगतं! शिवाय मध्येच बाळ हललं असेल तर तोच भाग दोनदा मोजला जातो किंवा सुटतो. ते बेरजेत कळत नाही.

सॉफ्टवेअर नेमकं इथे कामाला येतं. निफ्टीमिक किंवा एसव्हीआरटीके यांसारखे प्रोग्राम तिन्ही दिशांच्या स्लाइस एकमेकींशी जुळवून सलग त्रिमितीय प्रतिमा बांधतात; जाड स्लाइसच्या जागी १ मिमीहून लहान घनांची. मग न्यूरल नेटवर्क (आधी आखलेल्या उदाहरणांवरून शिकलेला प्रोग्राम) मेंदूचे भाग वेगळे करतं. झुरिकच्या फेटा डेटासेटमध्ये (गर्भातल्या मेंदूंच्या आखलेल्या एमआरआयच्या संग्रहात) असे ७ भाग आखलेले आहेत, त्यांत लहान मेंदू आणि मेंदूतल्या पोकळ्याही आल्या. पण पोकळ्या खूप फुगलेल्या असल्या किंवा मेंदूची रचनाच वेगळी असली, तर नेटवर्क बिनदिक्कत चुकीची कड आखतं. आणि आपल्याला तर बहुतेक वेळा अशाच बाळांची काळजी असते.

म्हणून माझं मत असं: वीस-पंचवीस स्कॅन असतील तर हातानेच आखा, त्यातून नजर तयार होते. शेकडो असतील तर सॉफ्टवेअर घ्या, पण प्रत्येक कड स्वतः पाहून दुरुस्त करा. मेंदूभोवतीचं पाणी आणि आतल्या पोकळ्या मोजायच्या की वगळायच्या, हे दोन्ही पद्धतींत पहिल्या स्कॅनआधीच लिहून ठेवा. हाताने आखणार असाल तर काही स्कॅन दुसऱ्या कुणाकडून, पहिलं उत्तर न दाखवता, पुन्हा आखून घ्या.