कृष्णेत दहा महिने: होडीला 5 एचपीचं इंजिन घेतलं, 10 का नाही घेतलं

होडीच्या मागं लावायचं इंजिन ऑक्टोबरात घेतलंय, आता जुलै संपत आला, म्हणून लिहायलोय. आमचं गाव चिकोडी तालुक्यात कृष्णेच्या काठाला आणि तीन एकर ऊस नदीच्या पलीकडं, मांजरीच्या पुलावरनं फेरा मारायचा म्हटलं की निम्मी सकाळ जाते. पहिलं गुळाच्या काहिलीतनंच, म्हणजे गूळ शिजवायच्या मोठ्या कढईतनंच, ये-जा होती. 2019 च्या पुरात त्याच काहिलीतनं आईला बाहेर काढलं, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. मग 14 फुटी फायबरची होडी केली आणि इंजिन केवढं घ्यायचं हा विषय सुरू झाला.

ज्याला विचारावं तो म्हणायचा 10 घे, ताकद जादा असलेली बरी. माझे दाजी हिडकल धरणात मासेमारी करतात, त्यांचं 10 एचपी दोन आठवडे मागून आणलं आणि मोबाईलवर स्पीड बघत फिरलो. एकटा असलो की ताशी 22 किलोमीटर, होडी नुसती पाण्यावर चढून पळायची, लय भारी वाटलं. पण चार माणसं आणि डीएपी खताची चार पोती, म्हणजे पोत्यांचंच 200 किलो, टाकली की तेच इंजिन साडेदहावर अडकलं, कितीबी थ्रॉटल पिळा, मागं नुसती लाट मोठी होते आणि होडीचं तोंड वर. त्यानंतर 5 एचपी लावलं तर त्याच वजनाला 8 मिळालं. म्हणजे डबल ताकद आणि फरक अडीच किलोमीटरचा!

याचं कारण मला नंतर कळलं. होडी पाण्यात बसून चालते तोवर तिचा वेग लांबीवर ठरतो, पाण्याला टेकलेली लांबी फुटात घ्यायची, तिचं वर्गमूळ काढून 1.34 नं गुणायचं, उत्तर नॉटमध्ये येतं. आमची 13 फूट टेकते, म्हणजे 4.8 नॉट, ताशी 9 किलोमीटरच्या आसपास. त्याच्या पुढं जायचं तर होडी स्वतःच्याच लाटेवर चढली पाहिजे, आणि भरलेली होडी 10 एचपीवर चढत नाही. तेव्हा दुकानात जायच्या आधी एकच बघा, तुमची होडी रोज रिकामी पळणार आहे का भरून चालणार आहे.

पेट्रोल म्हणाल तर फुल थ्रॉटलला 5 ला तासाला दोन लिटरच्या आसपास लागतं, 10 ला चारच्या. पण मला खरा फरक वजनात जाणवला. आमचं 27 किलो, दाजींचं 40 च्या वर. इंजिन रात्री काठावर ठेवता येत नाही, चोरीची भीती, म्हणून रोज चिखलातनं घाट चढून घरी आणायचं, हे मी एकटा आणतो. दोरी पण हलकी आहे, बायको एका ओढीत चालू करून वाडं (उसाचे हिरवे शेंडे) आणायला जाते, दाजींचं तिला ओढायला होत नव्हतं.

आता त्रास सांगतो. चोर्ला घाट उतरून गोव्यातनं इंजिन आणलं, दुकानदारानं लाँग शाफ्ट, म्हणजे पाण्यात जाणारा लांब पाय असलेलं, 20 इंची, बांधून दिलं, आमच्या होडीची मागची फळी 15 इंची. मोजून घेतलं नाही ही माझी चूक, पण त्यानं विचारायला तर पाहिजे होतं की. बदलून मिळायला तीन आठवडे गेले. शॉर्ट शाफ्ट बसवल्यावर पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळापेक्षा इंचभर खाली आली, तशीच पाहिजे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खडक वर येतात, एप्रिलात पंख्याची पिन दोनदा तुटली. पिन तुटते म्हणूनच आतले गिअर वाचतात, त्यामुळं दोन-चार पिना आणि पक्कड होडीतच ठेवा. केंदाळ (जलपर्णी) पंख्याला गुंडाळतं तेव्हा आधी इंजिन बंद, मगच हात घाला.

इंजिनाच्या मागच्या बाजूनं, ते गार ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार पडते ती सारखी बघत राहायची, धार थांबली की इंजिन तापलंच. तांबडं पाणी आल्यावर गाळानं आतला, ते पाणी ओढणारा रबरी इंपेलर झिजतो, म्हणून मी पिंपात स्वच्छ पाणी घेऊन दहा मिनिटं चालवतो. पेट्रोलात आता इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, आठवडाभर चालवायचं नसलं तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो, तेव्हापासनं एकदाबी अडलं नाही.

कमी पडतं ते कुठं, तर प्रवाहाला. जूनच्या शेवटी पाणी ताशी 5 किलोमीटरनं वाहत असंल, भरल्या होडीचे 8 म्हणजे वर जायला हातात 3 च उरले, 10 एचपी असतं तर साडेपाच उरले असते. नदी आडवी ओलांडायला मला 3 पुरतात, वरच्या अंगाला तोंड करून तिरकं काढायचं. पण कल्लोळकडं दूधगंगा मिळते तिथं कुणाला रोज प्रवाहावर चढून जायचं असंल तर त्यांनी 5 घेऊ नये, 8 किंवा 10 च घ्यावं, हे मी मनापासून सांगतो. आणि इंजिनाला अडकवलेली लाल दोरी मनगटाला बांधल्याशिवाय गिअर टाकू नका, माणूस पाण्यात पडला तर इंजिन तिच्यामुळंच बंद पडतं.

आत्ता बंधाऱ्यावरनं पाणी गेलंय, होडी चिंचेला बांधलीय, इंजिन माळ्यावर. शंभर तास भरत आलेत, पाणी उतरायच्या आत ऑइल बदलून ठेवणार.