जळगाव–पुणे छोट्या विमानाचा आठ महिन्यांचा वापर: भाडं परवडलं, उभ्या विमानातला उकाडा परवडला नाही

हा अभिप्राय हिवाळ्यात लिहिला असता तर पाचपैकी साडेचार गुण दिले असते. एप्रिल-मे काढल्यावर साडेतीनच देतो. तो एक गुण एकाच गोष्टीपायी कापला आहे: विमान जमिनीवर उभं असताना आत एसी नसतो.

या मार्गावरचं एटीआर 72, म्हणजे पंख्यांवर चालणारं सत्तरेक सीटचं छोटं विमान, कसं असतं हे जळगावकरांना आता सांगायला नको. रात्रभराच्या ट्रॅव्हल्सऐवजी तासाभराचा प्रवास, तोही भाडं पाहून वेळेत तिकीट काढलं तर खिशाला झेपणारा. हवेत गेल्यावर तक्रारीला जागा नाही. सगळा त्रास दार बंद होण्याआधीच्या वीस-पंचवीस मिनिटांचा.

मोठ्या जेट विमानाच्या शेपटीत एपीयू नावाचं एक छोटं जादा इंजिन असतं. मुख्य इंजिनं बंद असली तरी ते वीज देतं आणि एसीला लागणारी दाबाची हवाही देतं. एटीआरच्या मूळ रचनेतच ते ठेवलेलं नाही. वजन वाचतं, देखभालीचं एक यंत्र कमी होतं, आणि तिकीट स्वस्त पडण्यात त्याचाही वाटा आहे. त्याऐवजी उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेक लावून अडवून धरतात. याला वैमानिक ‘हॉटेल मोड’ म्हणतात. डावीकडच्या मागच्या दारातून माणसं चढत असतात, उजवं इंजिन पंखा न फिरवता चालू असतं, आणि आत गार राहतं.

पण त्यात इंधन जळतं. म्हणून इंजिन बंद ठेवून शेजारी उभ्या केलेल्या गाडीतून वीज घेतली जाते. घोळ इथेच आहे. विजेवर दिवे लागतात, आतले पंखे फिरतात, पण थंडावा करणारी यंत्रणा इंजिनाच्या दाबाच्या हवेवर चालते. ती हवा विजेच्या गाडीतून येत नाही. त्यामुळे डोक्यावरची हवेची नळी पूर्ण फिरवून उघडली तरी आतलीच गरम हवा तोंडावर येते. पुण्यात हे खपून जातं. मे महिन्यात जळगावला पारा 44-45 वर असतो, खालचं डांबर तापलेलं असतं, मागचं दार उघडं असतं. तेव्हा सत्तर माणसं आत बसवून ठेवणं म्हणजे लहान लेकरं आणि म्हातारी माणसं यांचा जीव टांगणीला लावणं आहे.

एप्रिलमध्ये मी इंजिन बंद ठेवण्याला सरळ कंजूषपणा म्हटलं होतं. ते मत आता अर्धं मागे घेतो. मागून वारा जोराचा असेल तर हॉटेल मोड वापरताच येत नाही, कारण पंखा अडवून धरण्याला वाऱ्याची मर्यादा आहे. म्हणजे दरवेळी दोष इंधन वाचवणाऱ्याचा नसतो. पण उरलेलं अर्धं मत कायम आहे, कारण यावर फुकटातले उपाय आहेत. आधीचे प्रवासी उतरले की सगळ्या खिडक्यांचे पडदे खाली ओढायचे. माणसांना टर्मिनलच्या गारव्यात शेवटपर्यंत बसू द्यायचं आणि सामान चढून झाल्यावरच बोलवायचं. सत्तर जणांना चढायला फार वेळ लागत नाही. थोडा खर्च करायचा असेल तर जाड नळीतून थेट केबिनमध्ये थंड हवा सोडणारी गाडीही मिळते. खान्देशातल्या विमानतळावर ती उन्हाळ्यात तरी हवीच.

स्वस्त विमानांची चर्चा निघाली की लोक उभ्याने प्रवास करायच्या सीटचे फोटो पाठवतात. इटलीच्या एका कंपनीने 2010 मध्ये ‘स्कायरायडर’ ही खोगिरासारखी सीट मांडली, दोन रांगांत 23 इंच अंतर. 2018 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. स्वस्त विमानांत आज साधारण 28 ते 30 इंच मिळतात. ती खोगिराची सीट प्रवासी विमानात काही आली नाही. सीटला 16 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 16 पट झटक्याची चाचणी द्यावी लागते, आणि निम्मी दारं बंद धरून भरलेलं विमान 90 सेकंदांत रिकामं होतं हे दाखवावं लागतं. शिवाय साधारण दर 50 सीटमागे एक केबिन कर्मचारी लागतो. जास्त माणसं कोंबली की पगारही वाढतो. रायनएअर या युरोपातल्या स्वस्त विमान कंपनीच्या नव्या बोइंगमध्ये 197 सीट आहेत त्याचं गणित हेच: 200 ओलांडले की चारऐवजी पाच कर्मचारी. त्यामुळे त्या फोटोंची काळजी करू नका. काटकसर अंगावर येते ती अशी, न दिसणाऱ्या जागी.

सीट निवडताना जेटचा हिशोब इथे लावू नका. पुढची रांग लवकर उतरायला मिळेल म्हणून पैसे भरून घेतली तर नुकसान आहे. दार मागे आहे, पुढे सामानाचा कप्पा, म्हणजे पुढचा माणूस शेवटी उतरतो. पंख्यांच्या रेषेतल्या पुढच्या काही रांगांत घरघरही सर्वांत जास्त. मागच्या तिसऱ्या भागातली साधी सीट शांत, आणि उतरायला आधी. मात्र अगदी शेवटची रांग शौचालयाजवळ येते.

उन्हाची बाजूही पाहा. जळगावहून पुण्याकडे दुपारी जाताना सूर्य उजवीकडे राहतो, म्हणून डावी खिडकी घ्या. पुण्याहून दुपारी येताना उलट, उजवी घ्या. सकाळच्या विमानाला याच्या नेमकं उलट.

सामान 15 किलो खाली आणि 7 किलो हातात. वजन वाढणार असेल तर घरूनच ऑनलाइन पैसे भरा, काउंटरवर दर जास्त पडतो. वरचे कप्पे लहान आहेत, त्यामुळे कडक चाकाची बॅग कधी कधी शिडीपाशीच काढून घेतात. औषधं, चार्जर, कागदपत्रं वेगळ्या पिशवीत ठेवा. केळीच्या वेफर्सचं पुडकं हातातच बरं, मालाच्या कप्प्यात चुरा होतो. काउंटरवर बोर्डिंग पासचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै 2022 मध्येच ते बंद केले आहेत.

माणसं आत बसवून विमान फार वेळ अडकलं तर प्रवाशांना उतरवून परत टर्मिनलमध्ये आणता येतं. विमान सुरक्षा ब्युरोने मार्च 2024 मध्ये तशी मुभा दिली आहे. ही गोष्ट केबिन कर्मचाऱ्यांना शांतपणे सांगा. बरोबर आजारी माणूस असेल तर लगेच सांगा, पंधरा मिनिटं वाट पाहू नका. व्हीलचेअर लागणार असेल तर 48 तास आधी कळवा.

उन्हाळ्यात दुपारचं विमान टाळता आलं नाही तर रिकामी बाटली न्या, सुरक्षा तपासणीनंतर भरून घ्या, आणि सुती रुमाल ओला करून मानेवर ठेवा. बसल्या बसल्या पडदा ओढा. हवेची नळी इंजिन सुरू होईपर्यंत बंद ठेवा, मग पूर्ण उघडा. थोड्याच वेळात गार वारा लागू लागतो.