स्कॉलरशिपचे गुण की वर्गातल्या नोंदी?

पालकसभेत प्रगतिपुस्तक हातात दिलं की पालक 'अ-2' श्रेणीवरून नुसती नजर फिरवतात आणि विचारतात, "ते ठीक आहे मॅडम, पण स्कॉलरशिपला बसवलं तर किती पडतील?" वर्गातल्या मूल्यमापनावर विश्वास नाही आणि स्कॉलरशिप घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या गुणांवर डोळे झाकून आहे, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. निर्णय घ्यायच्या आधी दोन्हींचं माप कसं पडतं ते बघा.

शिष्यवृत्ती परीक्षा 2016-17 मध्ये चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली आणि आता ती पुन्हा चौथी-सातवीकडे वळली आहे. इयत्ता बदलली तरी परीक्षेचा साचा ओळखीचा आहे. दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न, 150 गुण, दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. तिची मोठी जमेची बाजू आधी सांगते, कारण आम्ही शिक्षक ती सांगायला बिचकतो: उत्तरपत्रिकेत रंगवलेले गोल तपासणाऱ्या मशीनला मुलाचं आडनाव कळत नाही, अक्षर दिसत नाही, बाप सरपंच आहे की सालगडी याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वर्गात गुण देणारा माणूस असतो, आणि माणूस म्हटला की मर्जी आली.

पण पेपर सगळ्यांना सारखा असला तरी पेपरापर्यंतचा रस्ता सारखा नसतो. बुद्धिमत्ता चाचणीतल्या आरशातल्या प्रतिमा, संख्यामालिका, सांकेतिक भाषा हे सगळं सरावाने येतं. क्लासला जाऊन असे पाचशे प्रश्न सोडवलेलं मूल आणि तो प्रकार परीक्षेतच पहिल्यांदा बघणारं मूल, दोघांची बुद्धिमत्ता त्यातून मोजली गेली असं मला तरी म्हणवत नाही.

दुसरी गोष्ट, गोलातून काय निसटतं ती. सराव पेपरात प्रश्न होता, 3/4 आणि 2/3 यांत मोठा अपूर्णांक कोणता? एका मुलाने 3/4 चा गोल रंगवला. बरोबर, दोन गुण. सहज विचारलं, "कसं ओळखलंस?" म्हणाला, "वरचा पण मोठा, खालचा पण मोठा." मग मी 3/5 आणि 2/3 दिले. त्याच हिशेबाने त्याने 3/5 मोठा ठरवला. त्याला सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या दिल्या. एकीचे पाच भाग, दुसरीचे तीन. घड्या घालून, रंगवून, शेजारी ठेवून बघितल्यावर तो स्वतःच म्हणाला, "अरे, तुकडे बारीक झाले की!" या दहा मिनिटांना कोणत्याच उत्तरपत्रिकेत जागा नाही.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात, म्हणजे शिक्षकांनी वर्षभर वर्गातच करायच्या मूल्यमापनात, मात्र ती जागा आहे. 2010 पासून राज्यात निरीक्षण, तोंडीकाम, प्रकल्प, पुस्तकासह चाचणी अशी आठ साधनतंत्रं आहेत. तिसरी-चौथीला 60 टक्के भार आकारिकला (शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाला) आणि 40 टक्के संकलितला (सत्राअखेरच्या परीक्षेला), सहावीला निम्मा-निम्मा. कागदावर याच्याइतकी न्याय्य पद्धत दुसरी नाही.

प्रत्यक्षात बाजारात वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं मिळतात. 'स्पष्ट उच्चारात वाचन करतो', 'परिसर स्वच्छ ठेवतो.' एकाच शिक्षकाकडे दोन इयत्तांचा जोडवर्ग, त्यात ऑनलाइन माहितीचा तगादा, आणि सत्र संपताना अडतीस मुलांच्या नोंदी एका रात्रीत. मीही त्या तशा उतरवल्या आहेत, कबूल करते. अशा नोंदीपेक्षा मशीनचा गोल परवडला.

म्हणून पालकांना माझं सांगणं, श्रेणी विचारू नका, शिक्षकांना एक नोंद तारखेसकट दाखवायला सांगा. 'शून्य असलेल्या वजाबाकीत उसनं घेताना अडतो' आणि पुढच्या महिन्यात 'आता जमतं', असं लिहिलेलं सापडलं तर त्या नोंदीवर बिनधास्त विसंबा. शेजारच्या मुलाच्या पानावर तेच वाक्य असेल तर स्कॉलरशिपचा सराव पेपर घरी सोडवून घ्या. निदान कुठे अडतंय ते कळेल.

मुलाला कोडी आवडत असतील आणि शाळेतच तयारी होत असेल तर जरूर बसवा. अजून अडखळत वाचणाऱ्या मुलाला मात्र ते दीड तास नकोत.

मुख्याध्यापकांसाठी एक सोपी गोष्ट. आमच्या केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, दोन शाळांनी तोंडी परीक्षेला एकमेकांचे शिक्षक बोलावले. ओळखीचा लळा नाही, राग नाही, आणि "कसं ओळखलंस?" विचारायची मुभा आहे. दिवस मोडला, पण माझ्या वर्गातल्या दोन 'हुशार' मुली अपूर्णांकांत त्या मुलासारख्याच चुकत होत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

पट्ट्यांवाल्या मुलाच्या आईने परवा विचारलंच, "मग बसवू का?" म्हटलं, बसवा. फक्त त्याचा सराव पेपर तपासताना बरोबर आलेल्या प्रश्नांवरही बोट ठेवा.